निपाणीचा सर्व्हर, फोनवरच्या अक्का आणि यूईएफआय शेल

ह्या प्रकरणात नाव कुणाचंच घेत नाही, गरजही नाही. निपाणीतली एक सौहार्द सोसायटी, म्हणजे सहकारी पतसंस्थाच, पाच शाखा, एकच टॉवर सर्व्हर, आणि तो ठेवलाय स्ट्राँगरूमच्या मागच्या बोळात जिथं मोबाइलला रेंज एक काडी. मी बेळगावात असतो, देखभाल माझ्याकडं, म्हणजे वर्षाची रक्कम ठरलेली आणि फोन आला की पळायचं. सर्व्हरवर डेबियन लिनक्स, दोन डिस्क, लिनक्सच्याच सॉफ्टवेअर रेडनं एकीची नक्कल दुसरीवर. मीच बसवलेला सगळा प्रकार, म्हणजे पुढं ज्या चुका निघाल्या त्यातली निम्मी माझी, हे आधीच सांगून टाकतो.

मे अखेरचा वळीव. शुक्रवारी संध्याकाळी जवळपास कुठंतरी वीज पडली, यूपीएस वाचला खरं सर्व्हरचा मदरबोर्ड गेला. वीज नेटवर्कच्या वायरीतनं आली असावी, कारण स्विचचे दोन पोर्ट पण काळे पडलेले. वॉरंटी होती म्हणून शनिवारी इंजिनिअर आला, बोर्ड बदलला, पंखे फिरले, दिवे लागले, कागदावर सही घेतली आणि गेला. अकाउंट बघणाऱ्या अक्कांनी विचारलं, चालू झाला का? तर म्हणाला ऑन झालाय की, पुढचं ओएसचं तुमचं तुम्ही बघा.

सोमवारी सकाळी ९:१० ला अक्कांचा फोन. १० वाजता पिग्मी एजंट येणार, त्यांच्या मशिनमध्ये रोज सकाळी सर्व्हरवरनं खाती भरून द्यायला लागतात, नाहीतर दिवसभर त्यांनी दुकानं फिरून करायचं काय. बाहेरच्यांना पिग्मी म्हणजे काय ते कळत नाही, आमच्याकडं पानपट्टीवाल्यापासनं तंबाखूच्या अडत्यापर्यंत सगळ्यांची पिग्मी असते. रोज थोडे थोडे पैसे गोळा करायची ही पद्धत १९२८ साली उडुपीकडच्या सिंडिकेट बँकेनं चालू केली, बँक गेली दुसऱ्या बँकेत विलीन होऊन, पिग्मी राहिली.

"दादा, काळ्या स्क्रीनवर पिवळ्या अक्षरात शेल म्हणून आलंय, पुढं एक बाण, काय पण दाबून एंटर मारलं तर नाही म्हणतंय आणि परत तेच येतंय."

त्याआधी त्यांनी इंजिनिअरला फोन लावलेला. तो म्हणाला ओएस उडालंय, नवीन टाका आणि डेटा बॅकअपवरनं घ्या. चेअरमन साहेब तयार पण झालेले. बॅकअप होता गुरुवार रात्रीचा, म्हणजे शुक्रवारचा अख्खा दिवस, पाच शाखांचा, व्हाउचर बघून परत मारायचा. मी म्हटलं एक तास कुणी कशाला हात लावू नका. शेल आलाय म्हणजे ओएस उडालंय असं होत नाही. शेल आलाय एवढ्याचा अर्थ इतकाच की बोर्डाला पुढं कुठं जायचं ते कळेना झालंय.

आता हे शेल काय भानगड आहे ते थोडक्यात. जुना बायोस होता तेव्हा मशिन डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा तुकडा वाचायचं आणि तिथं उडी मारायचं, संपलं. इंटेलनं इटॅनियम प्रोसेसरसाठी ईएफआय म्हणून नवीन पद्धत काढली, २००५ पासनं ती यूईएफआय फोरम बघतो, आणि आता जवळपास सगळ्या सर्व्हरवर तीच. ह्यात फर्मवेअरला, म्हणजे बोर्डावरच्याच प्रोग्रामला, फॅट पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा काढलेला साधा भाग, वाचता येतं, त्यातल्या डॉट ईएफआय नावाच्या फाइली चालवता येतात, आणि त्यातलीच एक फाइल म्हणजे हा शेल. लिनक्सचं टर्मिनल नव्हे, विंडोजचा काळा डबा पण नव्हे, दोन्हीच्या मधलंच काहीतरी. एलएस चालतं, सीडी चालतं, आणि ड्राइव्हला सी डी ई च्या जागी एफएस शून्य, एफएस एक असं म्हणतात. ओएस चालू व्हायच्या आधीची खोली आहे ती. तिथं युजर नाही, पासवर्ड नाही, जो कीबोर्डवर बसला तो मालक.

आणि कुठली फाइल चालवायची ही यादी डिस्कवर नसते हो, बोर्डावरच्या चिपमध्ये असते! खरी गोम ही. डिस्कवर सामान जिथल्या तिथं आहे, गल्लीतला पोस्टमन तेवढा बदलला आणि नव्याला घर माहीत नाही. यादीत काहीच नसलं तर नवा पोस्टमन एकाच ठरलेल्या ठिकाणी बघतो, ईएफआय नावाचा फोल्डर, त्यात बूट, त्यात बूट-एक्स-चौसष्ट डॉट ईएफआय. विंडोज आणि उबुंटू आपली एक प्रत तिथं आपणहून ठेवतात. डेबियन ठेवत नाही, इन्स्टॉल करताना मुद्दाम होय म्हणावं लागतं. आणि मी ते म्हटलं नव्हतं.

मग नव्या बोर्डाला शेल तरी कुठनं सापडला? अक्कांना म्हटलं स्क्रीनवर मॅपिंग टेबल आहे त्यात काय काय दिसालंय ते वाचा. एफएस शून्य, बीएलके शून्य, बीएलके एक, एवढंच. एफएस शून्यच्या खालच्या लांब ओळीत यूएसबी असं कुठं आहे का? आहे म्हणाल्या. मग सर्व्हरच्या मागं जाऊन बघा काय खोचलंय का. फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज, मग लांबनं, "दादा, निळा पेन ड्राइव्ह आहे, आमचा न्हवं हा."

इंजिनिअर विसरून गेलेला. नवीन बोर्डात मशिनचा सिरीयल नंबर लिहायला ही मंडळी असला पेन ड्राइव्ह वापरतात, त्यात ठरलेल्या जागी शेलच ठेवलेला असतो, आणि आमच्या बोर्डाला दुसरं काही सापडेना म्हणून त्यानं तोच चालवला. बाकी कितीही शिव्या दिल्या तरी त्या विसराळूपणाचे उपकार आहेत, तो पेन ड्राइव्ह नसता तर नुसतं बूट डिव्हाइस नाही म्हणून स्क्रीन थांबला असता आणि फोनवरनं करायला हातात काहीच नसतं. एक भीती मात्र होती. शेल सुरू होताना पाच सेकंद मोजतो आणि स्टार्टअप डॉट एनएसएच नावाची फाइल सापडली तर त्यातल्या कमांड आपोआप चालवतो, आणि असल्या पेन ड्राइव्हमध्ये ती फाइल असली तर बोर्डावर काय लिहून ठेवेल सांगता येत नाही. विचारलं, आधी आकडे मोजले का? "मोजले की, पाच चार तीन दोन एक, मग गप बसलं." म्हणजे तसली फाइल नव्हती. बरं झालं.

खरं डिस्क का दिसेनात? पेन ड्राइव्ह तेवढा दिसतोय आणि दोन्ही डिस्क गायब. दोन्ही एकदम जळणं शक्य असतं, पण आधी साधी गोष्ट बघायची. अक्कांना एक्झिट टाइप करायला लावलं, मेनू आला, तिथनं सेटअपमध्ये साटा मोड, म्हणजे बोर्डानं डिस्कशी कसं बोलायचं ती सेटिंग, शोधला. नवीन बोर्ड कारखान्यातनं आलेला तो रेड मोडवर. "मग बरोबरच आहे की दादा, आपलं रेडच हाय म्हणून तुम्हीच सांगितलेलं." ते रेड लिनक्सचं, हे रेड बोर्डाचं, आणि दोघांचं एकमेकात काही नातं नाही, हे फोनवर सांगायला जेवढा वेळ गेला तेवढा दुसऱ्या कशालाच गेला नाही. शेजारच्याच पानावर नवीन व्हॉल्यूम तयार करू का म्हणून विचारणारा पर्याय होता म्हणे. त्याला कुणी होय म्हटलं असतं तर डिस्कवर नवीन मांडणी लिहिली गेली असती आणि मी हे लिहीत बसलो नसतो. एएचसीआय, म्हणजे डिस्क जशाच्या तशा दाखवणारा मोड, करून सेव्ह केलं, सर्व्हर उठायला दोन-तीन मिनिटं, आणि परत तोच पिवळा शेल, खरं आता टेबल मोठं. एफएस शून्य, एक आणि दोन.

इथं एक लक्षात ठेवायचं, हे नंबर पक्के नसतात. मघाशी शून्य म्हणजे पेन ड्राइव्ह होता, आता तो दोनवर गेलेला, साटाच्या डिस्क पुढं आल्या. अक्कांनी वहीत शून्य म्हणजे निळा असं लिहून ठेवलेलं ते खोडायला लावलं. दरवेळी खालची लांब ओळ वाचायची, त्यात साटा आहे का यूएसबी ते बघायचं, नंबरावर विश्वास ठेवायचा नाही. मधेच काही खोचलं-काढलं तर मॅप मायनस आर मारायचं, की टेबल नव्यानं बनतं.

डिस्क बघायच्या आधी दोन कामं केली, आणि ती केली म्हणून पुढचा दिवस वाचला असं मला वाटतं. पहिलं, डेट टाइप करायला लावलं. २०१९ दाखवत होतं. पतसंस्थेच्या सर्व्हरवर २०१९! सॉफ्टवेअर चालू होऊन त्या तारखेनं दिवस उघडला असता तर व्याजाचा जो काय घोळ झाला असता तो ऑडिटरनं पुढच्या वर्षापर्यंत पुरवला असता. महिना आधी, मग तारीख, मग वर्ष, मध्ये तिरकी रेघ. मग टाइम. घड्याळात ९:४८ झालेले, मी म्हटलं ४:१८ घाला.

"दादा, साडेपाच तास मागं कशाला?"

कारण लिनक्स बोर्डावरचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेचं धरतं आणि साडेपाच तास आपणच मिळवतं. अक्का म्हणाल्या बरं, खरं आवाजावरनं पटलेलं नव्हतं.

दुसरं काम, आयएफ कॉन्फिग, स्पेस, मायनस, एल. "एल का एक?" एल, लहान एल. शेलला नेटवर्क कार्ड दिसतं, बोर्डाचं नेटवर्क बूट चालू असलं तर. आमच्याकडं ते चालू होतं. त्यातला मॅक अॅड्रेस वाचून घेतला, म्हणजे कार्डाचा स्वतःचा ओळख नंबर, बारा अक्षरं, दोनदा. सर्व्हरचा आयपी राउटरवर मॅक बघून राखून ठेवलेला, आणि मॅक होता जुन्या बोर्डाचा. तो बदलला नसता तर सर्व्हर चालू झाला तरी एकाही काउंटरला सापडला नसता आणि आम्ही परत सगळं पहिल्यापासनं शोधत बसलो असतो. राउटरला मी बेळगावातनंच पोचू शकत होतो, तिकडं नवीन नंबर घातला.

आता खरं काम. एलएस, स्पेस, एफएस शून्य, कोलन, उलटी तिरकी रेघ, ईएफआय. उलटी तिरकी रेघ कुठली ह्यावर दोन मिनिटं गेली, सरळ तिरकी प्रश्नचिन्हाच्या बटणावर, उलटी एंटरच्या वर. एंटर.

"ह्यात काय पण नाही दादा. नुसतं सापडलं नाही म्हणतंय."

मी गप्प. खोटं कशाला सांगू, त्या क्षणाला शुक्रवारची व्हाउचरं डोळ्यासमोर आली. मग म्हटलं शून्यच्या जागी एक घालून बघा. "डेबियन म्हणून एक फोल्डर हाय."

झालं होतं असं की इंजिनिअरनं वायरी परत लावताना डिस्कची अदलाबदल केलेली. त्यानं काही बिघडायला नको, लिनक्सचं रेड वायर कुठं लावलीय ते बघत नाही, डिस्कवरची ओळख बघतं. बिघडलं होतं ते माझ्याकडनं. यूईएफआयची जी लहान फॅट पार्टिशन असते ती रेडच्या बाहेर असते, तिची नक्कल आपोआप होत नाही, आणि दुसऱ्या डिस्कवर मी ती नुसती तयार करून रिकामी सोडलेली. म्हणजे तीन वर्षं मी सोसायटीला सांगत होतो की एक डिस्क गेली तरी दुसरीवर चालेल, आणि पहिली गेली असती तर डेटा असूनही मशिन उठलं नसतं.

एफएस एक कोलन, एंटर. सीडी ईएफआय, उलटी तिरकी, डेबियन. एलएस. अक्कांनी वाचलेल्या फाइली, ग्रब एक्स चौसष्ट, शिम एक्स चौसष्ट, एमएम, एफबी, एक सीएसव्ही, एक ग्रब डॉट सीएफजी. सगळं जागेवर. शिम चालवायची, ती ग्रबला उठवते आणि ग्रब लिनक्सला. स्पेलिंग सांगायला मी आपल्या पद्धतीनं, एस सांगलीचा, एच हुक्केरीचा, आय इचलकरंजीचा, एम मिरजेचा, मग एक्स, सहा, चार. सगळं सांगून झाल्यावर आठवलं की ह्या शेलमध्ये टॅब दाबला तर नाव आपोआप पुरं होतं. दोन अक्षरं आणि टॅब, एवढ्यात झालं असतं. सांगितलं नाही त्यांना तेव्हा.

अशी फाइल हातानं चालवायचा फायदा म्हणजे बोर्डावर काही लिहिलं जात नाही. चाललं तर चाललं, नाही चाललं तर रिसेट, जिथं होतो तिथं. म्हणून आधी हे करून बघायचं आणि यादीत नोंद घालायचं काम नंतर, असं माझं मत आहे, लोक उलटं करतात.

"ओळी पळालेत दादा, लई पळालेत. थांबलं. लॉगिन म्हणालंय."

१०:२२. एजंट दारात उभे होते, काउंटरवर सॉफ्टवेअर उघडलं, तारीख बरोबर, शुक्रवारचं शेवटचं व्हाउचर दिसलं. चेअरमन साहेबांनी फोन घेऊन विचारलं, मग इंजिनिअर तसं का म्हणाला? मी म्हटलं त्याचं काम बोर्डाचं होतं, ते त्यानं केलंय. जास्त बोललो नाही, कारण रिकामी पार्टिशन माझी होती.

फक्त एक ताकीद दिली, संध्याकाळपर्यंत कुणी रिस्टार्ट करायचं नाही, कारण बोर्डाच्या यादीत डेबियनची नोंद अजून नाहीच.

डे-एंड झाल्यावर पोचायचं म्हणून चारला निघालो. सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर, वंटमुरी घाटात पाऊस, तवंदी घाटात त्याहून जास्त. पुढचं काम मी स्वतः कीबोर्डवर बसून केलं आणि चूक पण स्वतःच केली.

शेलमध्ये बोर्डाच्या यादीसाठी बीसीएफजी नावाची कमांड आहे. बीसीएफजी बूट डम्प म्हटलं की यादी दाखवते. आमच्यात दोनच, निळा पेन ड्राइव्ह आणि नेटवर्क बूट. मग बीसीएफजी बूट अॅडपी, शून्य शून्य, पुढं शिमचा पूर्ण पत्ता एफएस एकपासनं, आणि अवतरणात नाव. पहिल्या जागेवर नोंद बसली. इथं एफएस एक लिहिलं तरी आत साठतो तो पार्टिशनचा स्वतःचा ओळख क्रमांक, त्यामुळं उद्या नंबर हलले तरी नोंद हलत नाही. मग पेन ड्राइव्हची नोंद काढायला गेलो आणि तिथं घसरलो. प्रत्येक नोंदीला बूट शून्य शून्य शून्य एक असं एक नाव असतं आणि यादीतली जागा वेगळी असते. बीसीएफजीला जागा सांगायची असते, मी नावातला आकडा सांगितला, आणि गेली ती नेटवर्क बूटची नोंद. नुकसान काही नाही, पुढच्या वेळी चालू होताना बोर्डानं ती परत बनवली, खरं तिथं डेबियनची असती तर परत सकाळचा खेळ. तेव्हापासनं काढायच्या आधी डम्प, काढल्यावर परत डम्प.

मग दुसऱ्या डिस्कची रिकामी पार्टिशन. सीपी, मायनस आर, एफएस एकवरचा ईएफआय फोल्डर अख्खा एफएस शून्यवर, आणि त्याची दुसरी नोंद यादीत. ही कॉपी लिनक्समधनं पण होते, खरं शेलमध्ये बसलोच होतो. त्या ठरलेल्या जागेवरची प्रत मात्र लिनक्समध्ये जाऊन ग्रब इन्स्टॉलला फोर्स एक्स्ट्रा रिमूव्हेबल हा पर्याय लावून घातली, म्हणजे पुढच्या वेळी बोर्ड बदलला आणि यादी कोरी झाली तरी पोस्टमनला घर सापडेल. मग पेन ड्राइव्ह काढून चालू केलं, पहिल्या डिस्कची वायर काढून चालू केलं, ती लावून दुसरीची काढून चालू केलं. तिन्ही वेळा उठलं. रेडला बिटमॅप, म्हणजे डिस्कचा कुठला भाग बदललाय त्याची नोंद, लावलेला होता म्हणून डिस्क परत जुळायला फार वेळ गेला नाही, नाहीतर रात्र तिथंच.

राहिला प्रश्न सिक्युअर बूटचा, म्हणजे सही असलेल्याच फाइली चालू द्यायच्या सोयीचा, आणि ह्यावर मी अजून दोन मनांत आहे. नव्या बोर्डावर ते बंद होतं. चालू असतं तर पेन ड्राइव्हमधला सही नसलेला शेल चाललाच नसता आणि सोमवारची सकाळ मी गाडीत घालवली असती. खरं बंद ठेवायचं म्हणजे बोळात जाऊन कुणीही पेन ड्राइव्ह लावावा आणि पासवर्डाशिवाय मशिनच्या आत शिरावं, पैशाचा मामला आहे. शेवटी चालू केलं, डेबियनचा शिम सही केलेला असतो त्यामुळं तो चालतो, सेटअपला पासवर्ड घातला आणि तो पाकिटात सील करून लॉकरमध्ये. गरज पडली तर पाकीट फोडून तेवढ्यापुरतं बंद करायचं.

निघताना अक्कांची वही बघितली. सगळं देवनागरीत लिहून काढलेलं, मॅप म्हणजे गल्ली दाखव, एलएस म्हणजे घरात काय काय आहे, सीडी म्हणजे आत जा, रिसेट म्हणजे दादांना विचारल्याशिवाय नाही. टॅबचं तेव्हा सांगितलं. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मग सकाळी हुक्केरी-मिरज कशाला फिरवलंसा?"

बुधवारी इंजिनिअरचा फोन आलेला म्हणे, आपला निळा पेन ड्राइव्ह राहिलाय का तिथं. अक्कांनी सांगितलं, राहिलाय, हापिसच्या वेळेत या, कागदावर सही करा आणि घेऊन जा.